संतोषाचें माप आणि विद्या

विद्यापीठांतील शिक्षण घरबसल्या ऑनलाइन घेतलेलें चांगलें, कीं वर्गांत समोरासमोर बसून घेतलेलें चांगलें, हा वाद २०२० सालापासून आमच्या सुशिक्षित कुटुंबांत सारखा चालू आहे. दोन्ही पक्ष मोठ्या हिरीरीनें बोलतात. परंतु नवल असें कीं, आपली बाजू सिद्ध करण्यासाठीं दोघेही एकच साक्षीदार पुढें करितात. हा साक्षीदार म्हणजे विद्यार्थ्यांचा संतोष. एक पक्ष म्हणतो, 'विद्यार्थ्यांसच विचारा. प्रवासाची दगदग वांचली, व्याख्यान हवें तेव्हां पुन्हां ऐकतां आलें, मुलें खूष आहेत.' दुसरा म्हणतो, 'विद्यार्थ्यांसच विचारा. पडद्यासमोर बसून तीं विटलीं, सोबती नाहींत, उत्साह नाहीं, मुलें नाखूष आहेत.' मग प्रश्नावल्या फिरतात, टक्के काढले जातात, आणि ज्याचे टक्के अधिक त्याचा जय झाला असें ठरतें. आमचें म्हणणें असें कीं, हा साक्षीदारच या खटल्यांत उपयोगाचा नाहीं. आणि जोंपर्यंत त्याच्याच साक्षीवर निकाल लागत आहे, तोंपर्यंत दोहोंपैकीं कोणताही पक्ष जिंकला तरी हरणार तो विद्यार्थीच.

संतोष ही वस्तु त्याज्य आहे असा आमचा अभिप्राय नाहीं. हलवायाच्या दुकानीं किंवा नाटकगृहांत गिऱ्हाइकाचा संतोष हाच मालाचा खरा कस होय. कारण तेथें जें घ्यावयाचें त्याची पारख घेणारापाशीं आधींच असते. जिलबी कशी झाली हें सांगण्यास स्वतःस जिलबी करतां यावी लागत नाहीं. विद्येची गोष्ट नेमकी उलट आहे. जी वस्तु आपल्यापाशीं नाहीं ती मिळविण्यासाठींच विद्यार्थी येतो, आणि ती मिळाली कीं नाहीं हें ओळखण्याची दृष्टि ती मिळाल्यावांचून येत नाहीं. शिवाय, विद्या अंगीं मुरत असतांना ती बहुधा सुखाची वाटत नाहीं. तालमींत नवा आलेला पोरगा पहिल्या महिन्यांत घरीं परततो तो ठणकत्या अंगानें आणि वस्तादास मनांतल्या मनांत शिव्या देत. त्या घटकेस त्याच्या हातीं संतोषाची प्रश्नावली दिली, तर जो वस्ताद जोर-बैठका चुकवूं देतो आणि आपल्या जुन्या कुस्त्यांच्या गोष्टी रंगवून सांगतो, त्यालाच तो भरघोस गुण देईल. हौद्यांत मात्र निकाल निराळा लागतो.

हें केवळ दृष्टांताचें बोलणें आहे असें कोणी समजूं नये. हार्वर्ड विद्यापीठांत पदार्थविज्ञानाच्या प्रारंभींच्या वर्गांवर केलेला एक प्रयोग २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांचे दोन गट केले. विषय तोच, हातीं दिलेले कागदही तेच. एका गटास कसलेल्या अध्यापकाचें ओघवतें व्याख्यान ऐकविलें. दुसऱ्या गटास उदाहरणें आधीं आपसांत चर्चा करून सोडवावयास लाविलीं व मग उलगडून दाखविलीं. परीक्षा घेतली तेव्हां दुसऱ्या गटाची प्रगति अधिक आढळली. परंतु 'तुम्हांस किती समजलें?' असें विचारतांच अधिक समजल्याचें सांगणारे निघाले ते पहिल्या गटांतले! त्याआधीं २०१० सालीं स्कॉट कॅरेल व जेम्स वेस्ट या दोघां अर्थशास्त्रज्ञांनीं अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीतील दहा हजारांवर विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासल्या. तेथें कोणता विद्यार्थी कोणत्या अध्यापकाकडे जावयाचा हें विद्यार्थ्याच्या मर्जीवर नसतें, आणि परीक्षा सर्वांस एकच असते. त्यांस असें दिसलें कीं, विद्यार्थ्यांचे उत्तम शेरे ज्या अध्यापकांस मिळतात, त्यांचे विद्यार्थी चालू परीक्षेंत चमकतात. पण त्याच विषयाच्या वरच्या वर्गांत मागें पडतात. १९७३ सालीं प्रसिद्ध झालेला प्रयोग तर निव्वळ प्रहसनच होता. एका नटास 'डॉक्टर फॉक्स' असें नांव व भारदस्त पदव्या देऊन त्याच्याकडून परस्परविरोधी विधानांनीं भरलेलें, पण हंसतें-खेळतें असें व्याख्यान देवविलें. श्रोते मानसोपचारतज्ज्ञ आणि शिक्षणाचे जाणकार होते. आणि त्यांचेही अभिप्राय बव्हंशीं अनुकूलच आले. जेथें जाणत्यांची ही गत, तेथें अठरा वर्षांच्या मुलाच्या पसंतीवर विद्यापीठाचें धोरण ठरवूं पाहणाऱ्यांच्या धाडसाचें कौतुक करावें तेवढें थोडेंच!

आतां आपल्या घरचें पाहूं. मार्च २०२० मध्यें टाळेबंदी झाली आणि रातोरात साऱ्या देशाचें उच्च शिक्षण मोबाइलच्या पडद्यावर आलें. त्या वेळीं किती घरांत तें पोंचण्याची सोय होती? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीचे, म्हणजे २०१७–१८ चे, आंकडे असें सांगतात कीं, देशांतील २३.८ टक्के कुटुंबांतच इंटरनेटची सोय होती. शहरांत ४२ टक्के, खेड्यांत अवघी १४.९ टक्के. पुढील दोन वर्षांत हे आंकडे वाढले असतील हें खरें. परंतु घरांत एक मोबाइल असणें निराळें, आणि तो रोज चार तास एका मुलाच्या हातीं राहणें निराळें. ज्या घरांत बाप तोच मोबाइल घेऊन कामावर जाई, किंवा भाऊ आणि बहीण यांत तो एकच असे, तेथें कोणाचा तास बुडत असेल हें वाचकांस सांगावयास नको. अशा स्थितींत संतोषाच्या प्रश्नावल्या निघाल्या, आणि त्याही ऑनलाइनच. ज्याच्यापाशीं साधन होतें त्यानें उत्तर दिलें. ज्याच्यापाशीं नव्हतें तो असंतुष्टही ठरला नाहीं, तो मोजलाच गेला नाहीं. उपाशी कोण राहिलें याचा शोध पंगतींत बसलेल्यांस विचारून घ्यावा, तशांतला हा प्रकार! आणि त्यांतून जे टक्के निघाले तेच ऑनलाइन शिक्षणाच्या यशाचा दाखला म्हणून मिरविले गेले.

संतोष हें माप धरिलें असतां आपण कोठवर जातों, हें त्यापुढील परीक्षांनीं दाखवून दिलें. महाराष्ट्र सरकारनें २०२० सालीं अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेण्याचें ठरविलें. सर्वोच्च न्यायालयानें २८ ऑगस्ट २०२० रोजीं परीक्षेवांचून पदवी देतां येणार नाहीं असा निर्णय दिला. आणि मग आपल्या विद्यापीठांनीं त्या बहुतेक घरबसल्या, पर्यायांवर खूण करण्याच्या पद्धतीनें उरकल्या. विद्यापीठाच्या दारांत येणाऱ्या बारावीची कथा याहून बोलकी आहे. २०२० सालचा निकाल ९०.६६ टक्के होता. २०२१ सालीं परीक्षाच झाली नाहीं आणि निकाल लागला ९९.६३ टक्के! मुलें संतुष्ट, पालक संतुष्ट, संस्था संतुष्ट आणि सरकारही संतुष्ट. असा सार्वत्रिक संतोष महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासांत दुसरा सांपडणें कठीण. संतोषवाद्यांचें माप खरें असेल तर तें वर्ष सुवर्णाक्षरांनीं लिहून ठेविलें पाहिजे. पण तेंच वर्ष आतां 'करोनाची बॅच' या कुत्सित नांवानें ओळखलें जातें, आणि तें नांव त्या मुलांच्या कपाळीं चिकटविण्यांत त्या वेळीं पेढे वांटणारेही मागें नाहींत. ३१ जानेवारी २०२२ रोजीं धारावींत दहावी-बारावीचीं मुलें रस्त्यावर आलीं, तीं 'आमचे बुडालेले तास भरून द्या' म्हणून नव्हे. 'शिकविलें ऑनलाइन, तर परीक्षाही ऑनलाइन घ्या, नाहीं तर रद्द करा' म्हणून. त्या मुलांस आम्ही दोष देत नाहीं. दोन वर्षें ज्यांस असें वागविलें कीं त्यांचें समाधान झालें म्हणजे शिक्षण झालें, त्यांनीं समाधानच मागितलें, यांत अपराध कोणाचा?

येथें संतोषवादी इंग्लंडचें उदाहरण देतात. ब्रिटनमध्यें २००५ सालापासून पदवीच्या अखेरच्या वर्षांतील विद्यार्थ्यांची राष्ट्रीय पाहणी होत आली आहे. तींत 'एकंदरींत समाधानी' म्हणणारे २०२० सालीं ८३ टक्के होते. ते २०२१ सालीं ७५ वर आले. 'पहा, ऑनलाइन शिक्षण विद्यार्थ्यांस रुचलें नाहीं. खटला संपला,' असें प्रत्यक्ष वर्गाचे कैवारी म्हणतात. परंतु त्याच पाहणीच्या पहिल्या कांहीं वर्षांत समाधानाच्या बाबतींत जी संस्था अग्रभागीं होती, ती होती ओपन युनिव्हर्सिटी. जिचे विद्यार्थी १९७१ पासून घरीं बसून टपालानें व दूरचित्रवाणीनें शिकत आले! म्हणजे दूर बसून शिकलेला विद्यार्थी एकदां सर्वांत संतुष्ट आणि एकदां सर्वांहून असंतुष्ट. याचा अर्थ एवढाच कीं, संतोष मोजणारी ही काठी शिक्षणाच्या पद्धतीस लागतच नाहीं. अपेक्षा, फी, सवय, एकटेपणा अशा शेंकडों गोष्टींस ती लागते. अखेर ज्यांनीं तो 'एकंदरींत समाधानी आहां काय?' हा प्रश्न रूढ केला, त्यांनींच २०२३ सालीं तो इंग्लंडपुरता पाहणींतून काढून टाकिला. आम्ही मात्र परदेशांत टाकलेल्या वस्तु नव्या म्हणून घरांत आणण्यांत पटाईत.

एवढ्यावरून आम्ही ऑनलाइन शिक्षणाचे वकील आहों असें कोणास वाटेल, तर त्यांनीं थोडें थांबावें. प्रत्यक्ष वर्गाचा जो जयघोष चालला आहे, तो कोणत्या वर्गाचा? ज्या वर्गांत नांवें सव्वाशें आणि बांकांवर चाळीस. ज्यांत तासिका तत्त्वावर नेमलेला अध्यापक एका कॉलेजांतून दुसऱ्या कॉलेजांत धांवत येऊन गेल्या वर्षींच्याच नोट्स सांगतो, आणि मुलें त्या उतरून घेतात. ज्यांत ट्यूटोरियल वेळापत्रकांत असतें पण खोलींत नसतें. आणि ज्याचा अभ्यास अखेरीस बाजारच्या गाइडवरच होतो, त्या वर्गाचा? असा वर्ग म्हणजे चार भिंतींचें ऑनलाइन शिक्षणच होय. फरक इतकाच कीं, यांत व्याख्यान पुन्हां ऐकण्याची सोय नाहीं. हें दुखणें आजचें नव्हे. १८५७ सालीं मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें जीं विद्यापीठें स्थापन झालीं, तीं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर केवळ परीक्षा घेणारीं होतीं. शिकविण्याचा अधिकार त्यांस १९०४ च्या कायद्यानें मिळाला. परीक्षा म्हणजेच विद्यापीठ, ही समजूत आमच्या हाडीं तेव्हांपासून खिळली आहे. तेव्हां प्रत्यक्ष वर्ग हा जणूं एखादें गुरुकुल होता आणि मोबाइलनें तो मोडला, असा जो आक्रोश चालतो, तो ऐकून आम्हांस तरी हंसूं येतें.

मग भेद कोठें आहे? अमेरिकेंतील वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमींत २०२० सालच्या शरद सत्रांत अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांस चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें वांटून कांहींस समोर व कांहींस ऑनलाइन शिकविलें. ऑनलाइन शिकलेल्यांचे गुण कमी भरले. आणि महत्त्वाची गोष्ट ही कीं, हें नुकसान मुख्यतः आधींच अभ्यासांत कच्च्या असलेल्यांचें झालें. आमच्या मतें साऱ्या वादाची किल्ली येथें आहे. हुशार मुलास पडदा चालतो, पुस्तक चालतें, कांहींच नसलें तरी चालतें. कच्च्या मुलास आपण कच्चे कोठें आहों हेंच कळत नसतें. तें दुसऱ्यानें पाहावें लागतें. समोर बसलेल्याच्या कपाळावरची आंठी चांगल्या अध्यापकास दिसते आणि तो थांबतो. पडद्यावर कॅमेरे बंद करून ओळीनें मांडलेल्या काळ्या चौकोनांस आंठ्या नसतात. परंतु हेंच पाहणें दुरूनही घडूं शकतें. ओपन युनिव्हर्सिटीचें बळ तिच्या दूरचित्रवाणींत नव्हतें. विद्यार्थ्यानें लिहून पाठविलेला निबंध नेमलेला शिक्षक वाचून, त्यावर ओळीओळीस शेरे लिहून परत करी, यांत होतें. आणि हेंच पाहणें समोर बसूनही न घडूं शकतें, हें आमच्या सव्वाशेंच्या वर्गांनीं सिद्ध केलेंच आहे. सारांश, खरा प्रश्न 'ऑनलाइन कीं प्रत्यक्ष' हा नव्हे आणि 'आवडलें कीं नाहीं' हाही नव्हे. विद्यार्थ्याची चूक कोणाच्या दृष्टीस पडते काय, आणि पडल्यावर ती दुरुस्त होते काय, हा आहे.

या कसोटीवर आमची सरकारी व्यवस्था कशी उतरते? महाविद्यालयांस दर्जा देणाऱ्या 'नॅक' या संस्थेनें २०१७ सालच्या सुधारित पद्धतींत विद्यार्थिसंतोषाची पाहणी समाविष्ट केली. त्या प्रश्नावलीचा पहिलाच प्रश्न असा कीं, अभ्यासक्रमाचा किती भाग वर्गांत पुरा झाला? अर्थात् धांवत गेलेला मास्तर पहिला! पुढें अध्यापकाची तयारी कशी होती, त्याची शिकविण्याची रीत उत्तम कीं मध्यम, असें विचारलें आहे. शिवाय, ज्या मानांकनावर कॉलेजचा लौकिक अवलंबून, त्याची फळें विद्यार्थ्यासही मिळावयाचीं. तेव्हां स्वतःच्याच पदवीची किंमत उतरेल असें उत्तर कोणता शहाणा मुलगा देईल? जी साक्ष साक्षीदाराच्याच हिताची, तिचें वजन किती धरावें हें कोणताही मुनसफ सांगेल.

यावर असा आक्षेप येईल कीं, मग विद्यार्थ्यांनीं बोलूंच नये काय? अध्यापकांच्या आळसावर हा एक नवा पडदा नव्हे काय? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचें उत्तर आम्ही टाळीत नाहीं. विद्यार्थ्यांस अवश्य विचारावें. पण जें ते निःसंशय जाणतात तें विचारावें. या सत्रांत तुम्ही स्वतःच्या शब्दांत किती वेळां लिहिलें? त्यांपैकीं किती लेख तपासून परत मिळाले? किती दिवसांनीं? त्यावर नुसते गुण होते कीं शेरेही होते? तुम्ही शंका विचारली तेव्हां उत्तर मिळालें काय? अध्यापक तासास आले नाहींत असे दिवस किती? या प्रश्नांस आवड-नावड लागत नाहीं. उत्तरें खोटीं असतील तर वह्या पाहून पडताळतां येतात. आणि आळशी अध्यापक यांतून जितका उघडा पडतो तितका 'उत्तम, मध्यम, कनिष्ठ' या खुणांनीं कधींच पडत नाहीं. संतोषच विचारावयाचा असेल तर तो पदवीनंतर पांच वर्षांनीं विचारावा. तोंपर्यंत हौद्यांतला निकाल लागलेला असतो.

हें मान्य केलें म्हणजे ऑनलाइन व प्रत्यक्ष यांचें भांडण आपोआप मिटतें. जें एकानें सांगून शंभरांनीं ऐकावयाचें, तें खुशाल पडद्यावर जावो. आयआयटी व बंगळूरची विज्ञानसंस्था यांच्या अध्यापकांचीं व्याख्यानें २००३ सालापासून त्या मार्गानें लोकांस उपलब्ध होऊं लागलींच आहेत. दिवसा नोकरी करणारा, संसाराच्या जबाबदारीनें शिक्षण सोडावें लागलेली स्त्री, चालूं न शकणारा विद्यार्थी, गडचिरोलीच्या आडगांवची मुलगी, यांस तो मार्ग बंद करणें हा अन्याय होईल. १९८९ सालीं नाशिकास यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालें तें अशांसाठींच. परंतु त्यामुळें जो वेळ वांचेल तो पंधरा-वीस मुलांच्या लहान गटांत, त्यांचें लेखन समोर ठेवून, अध्यापकानें खर्च केला पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२१ सालीं सत्रांतील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्'वरून घेण्यास मुभा दिली. ती मुभा वाचून अध्यापकांच्या जागा न भरण्याची सबब ज्यांस सांपडली, त्यांस आमचा सवाल आहे: व्याख्यान यंत्रानें दिलें, पण वही कोण तपासणार? मोफत व्याख्यान आणि बेवारस विद्यार्थी, असा जर या सोयीचा शेवट होणार असेल तर विद्यार्थी कितीही संतुष्ट असो, ती फसवणूकच होय. आणि संतुष्ट माणसाची फसवणूक ही सर्वांत निर्वेध चालते.

शेवटीं दोन शब्द आमच्या मध्यमवर्गीय पालकांस. या संतोषाच्या बाजारांत मोठें गिऱ्हाईक आपणच आहों. मुलास प्रवेश घेतांना आपण इमारत पाहतों, मानांकनाचें अक्षर पाहतों, आणि मूल घरीं आल्यावर विचारतों, 'कॉलेज आवडलें ना?' तें 'हो' म्हणालें म्हणजे लाखांची फी सत्कारणीं लागली असें मानून आपण निजतों. हा प्रश्न प्रेमाचा आहे, पण त्यानें कांहीं कळत नाहीं. त्याऐवजीं सत्र संपल्यावर मुलास एवढेंच म्हणावें, 'तुझ्या लिखाणावर कोणी कांहीं लिहून दिलें असेल तें दाखव.' मग तो शेरा मोबाइलवर आलेला असो कीं कागदावर तांबड्या शाईनें उमटलेला असो. दाखवावयास कांहीं निघालें तर मूल कितीही कुरकुरत असलें तरी त्याला त्याच संस्थेंत राहूं द्यावें. कांहींच निघालें नाहीं तर मूल कितीही खुशींत असलें तरी दुसऱ्या दिवशीं प्राचार्यांच्या दारीं जाऊन बसावें, आणि आपल्यासारखे आणखी दहा पालक बरोबर न्यावे.